यातला आमचा धोंडू कोणता?

आमच्या सासरी पुरुषांना नावं दोनच. धोंडू आणि बाबू. नातवाला आजोबांचं नाव द्यायचं हा घराण्याचा नियम, त्यामुळे सासरे धोंडू, आजेसासरे बाबू, त्यांचे वडील पुन्हा धोंडू आणि त्यांचे वडील... सांगायला नकोच! माझ्या नवऱ्याचं नाव प्रकाश आहे, ते केवळ सासूबाई बारशाला हटून बसल्या म्हणून.

यातल्या जुन्या धोंडूचा शोध घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच ओढवून घेतलं. सुरुवात केली आत्यांनी, म्हणजे ह्यांच्या आत्यांनी. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम मंडणगडाकडे, गावच्या घरी.

"माझ्या आज्याची तिथ कुणाला ठाव नाय गो," त्या म्हणाल्या. "दरवर्षी सर्वपित्रीच्या गर्दीत जेवतो बिचारा. मी डोळे मिटायच्या आत एकदा तरी त्याच्या तिथीला त्याच्या नावाची वाडी ठेवा कावळ्याला."

यावर "बरं" म्हणून गप्प बसावं की नाही माणसानं? पण मी पडले निवृत्त शिक्षिका. त्यातून चिपळुणात दहा दिवसांचा मोडी वाचनाचा वर्ग नुकताच केलेला, प्रमाणपत्र भिंतीवर!

"आत्या, मी काढते शोधून," मी म्हटलं.

"अगं, तुला स्वतःची वाण्याची यादी वाचता येत नाही," हे म्हणाले. (खरं होतं. म्हणूनच जास्त राग आला.)

मग फेऱ्या सुरू झाल्या. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी तालुक्याच्या कचेरीत, सगळ्या मोडीत. एसटीचे हिसके खात जायचं आणि "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकून परत यायचं. पाचव्या फेरीला ते पुस्तक हाती आलं. उघडलं आणि मी आधी चष्मा पुसला. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, हे वर्गात शिकवलं होतं. आमच्या गावात त्याचं काय होतं, ते नव्हतं शिकवलं. पानभर नुसतं धोंडू बिन बाबू, बाबू बिन धोंडू, धोंडू बिन बाबू! (बिन म्हणजे अमक्याचा मुलगा.) बाप कोण, लेक कोण, काही पत्ता लागेना. डोळे गेले, कंबर गेली, तरी मी हटले नाही.

शेवटी एक धोंडू बिन बाबू मनासारखा सापडला. धंदा शेती. मरणाचं कारण, फणसावरून पडून. जमिनीच्या कागदांवरून दोन बायकाही निघाल्या. जुनं पंचांग काढून तिथी जुळवली, अष्टमी. मी लगोलग त्यांचं दोन पानी चरित्र लिहिलं आणि आत्यांना फोन केला.

"दोन बायका?" आत्या ओरडल्या. "माझा आजा एकीला पोटभर वाढायचा नाय, तो दुसरी कशाला करतोय?"

"आत्या, कागद खोटं बोलत नाहीत."

"नि फणसावर कशाला चढला? म्हातारा होऊन मेला तो."

"तरुणपणी चढले असतील."

"तरुणपणी चढला नि म्हातारपणी पडला?"

मी फोन ठेवला. अशिक्षितांशी वाद काय घालायचा!

पितृपक्षातल्या अष्टमीला आम्ही गावी गेलो. वडे केले, खीर केली, अळूची भाजी केली. अंगणात मी चरित्र मोठ्यानं वाचलं (दोन्ही पानं) आणि वाडी ठेवली. मागं सरते न सरते तोच कावळा आला आणि तुटून पडला! माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "बघा! ओळख पटली!" मी म्हटलं.

तेवढ्यात कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून हाक आली. पलीकडे तुकाराम, आमचा चुलत भाऊबंद (त्याची आईही बारशाला हटून बसली असणार). गडगा हातभर सरकवला कुणी, यावरून वीस वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही. आणि आज तो हातात पान घेऊन उभा!

"ओ वयनी! तो कावळा आमचा हाय! सकाळपास्नं काव काव करून माझा घसा बसला, नि हा हितं वडे खातोय! आज आमच्या पणज्याची तिथ हाय. धोंडू. फणसावरनं पडलेला."

मी हळूच विचारलं, "भावजी, बायका किती होत्या हो त्यांना?"

"दोन. का?"

ह्यांनी माझ्या हातातलं चरित्र काढून घेतलं आणि खिरीच्या टोपावर झाकण म्हणून ठेवलं.

आत्या ओट्यावरून उठल्या. "मग आमचा कधी गेला रे तुक्या? कुणालाच ठाव नाय काय?"

"तुमचा ना? एकादशीला," तुकाराम सहज म्हणाला. "आमची आजी नेहमी सांगायची. मयताचं घर म्हणून आमच्याकडनं पिठलंभात पाठवला, तर तुमच्याकडं सगळ्यांना उपास. भरलेला टोप तसाच परत आला."

आत्या रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायलाही. "हाच गो माझा आजा! मरायला पण उपासाचा दिवस बघितलान. कुणाला घास घालायला नको!" मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त माझ्यासाठी.

तीन दिवसांनी पुन्हा तोच घाट. पुन्हा वडे, पुन्हा खीर. वीस वर्षांनी तुकाराम गडगा ओलांडून आला आणि उपासाची रताळी खाऊन गेला. वाडीला कावळा शिवला तेव्हा आत्यांनी हात जोडले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. माझ्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं, पण शिक्षिकेची खोड जाते थोडीच! मी कोरी वही काढली.

"आत्या, यापुढे घोळ नको. घरातल्या सगळ्यांच्या तिथी मी यात नीट लिहून ठेवणार आहे."

आत्यांनी वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"ठेव हो," त्या म्हणाल्या. "पण माझी तेवढी तुक्याच्या घरी सांगून ठेव."