ठिपक्यांचा फुलकिडा

सन १९९७, मी तेव्हा बासष्ट वर्षांचा. पिंपळवंडीला माझ्या वांग्यात एक किडेवाला माणूस किड्यांच्या अभ्यासाला दर आठवड्याला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पांढऱ्या ताटलीवर पान झटकायचा आणि पडलेले बारीक, पानांचा रस शोषणारे फुलकिडे ओल्या ब्रशनं उचलून बाटलीत टाकायचा. त्याचे हात घडीभर थांबत नसत. बोलतानाही शर्टाची बटणं चाचपत राहायचा.

एक दिवस तो आला तेव्हा पानं पिवळी पाडणारा लाल कोळी लई माजला होता. मी फवारणीचा पंप भरायला घेतला.

"बाबा, थांबा. पंखावर ठिपके असलेला हा फुलकिडा कोळी खातो. याची जात वेगळी."

"फुलकिडा तो फुलकिडा. आमी तुमच्या आधीपासनं वांगी लावतोय, राव."

त्यानं पान माझ्यापुढं धरून भिंग हातात दिलं. किडा खरंच कोळ्याला धरून शोषत होता. मग त्यानं ब्रशवरचा दुसरा ठिपकेवालाही बाटलीत न टाकता पानावर सोडला. "हा तुमच्याकडंच राहू द्या."

त्या रात्री जेवण गेलं नाही. फवारलं तर हाही मरणार, नाही फवारलं तर वांगी जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप छपरातच ठेवला. घरातली ताटली घेऊन वांग्यात गेलो, आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं आणि पान झटकलं.