कुंपण मोडणाऱ्याच्या तारखा

आमच्या शेताचं कुंपण आम्ही नवरा-बायकोनेच घातलं होतं. खड्डे खणले, सिमेंटचे खांब उभे केले, काटेरी तार ओढली. माझ्या तळहातांवर तारेचे ओरखडे कितीतरी दिवस होते. नवरा साजगावच्या कारखान्यात जातो, त्यामुळे शेतावर लक्ष माझंच. भात काढलं की त्याच ओलीवर आम्ही वाल टाकतो.

शेताला लागून अरुंद रस्ता आहे आणि तो संपतो तिथे मुंबईच्या एका माणसाचं फार्महाऊस. शनिवार-रविवारी त्याची मोठी काळी गाडी यायची. फाटकासमोर वळायला जागा पुरली नाही की तो सरळ गाडी मागे घ्यायचा, आमच्या कुंपणात. पहिल्यांदा एक खांब तडकला. मी जाऊन हात जोडून सांगितलं. तो म्हणाला, "सॉरी ताई, दिसलं नाही." दुसऱ्यांदा तार तुटली, तेव्हा तो गाडीतून उतरलाही नाही.

तिसऱ्यांदा मी शेतातच होते. वाल फुलावर आला होता. गाडी मागे येताना दिसली तशी मी ओरडले, "सायब, थांबा! मागं कुंपण हाय!" त्याने काच खाली करून माझ्याकडे नीट बघितलं आणि गाडी मागे घातली. दोन खांब आडवे झाले, तार गाडीत अडकून फरफटत गेली. मी रस्त्यात आडवी उभी राहिले.

"मुद्दाम केलंत तुमी."

"दोन खांबांसाठी एवढा आरडाओरडा? केस करा ना मग," तो म्हणाला आणि शेजारी बसलेल्या मित्राकडे बघून हसला.

संध्याकाळी आम्ही त्या भगदाडात काटेरी फांद्या रोवल्या. पहाटे म्हशींनी त्या तुडवल्या आणि वाल खाऊन टाकला. मी उजाडता गेले तर नुसते बुडखे उरले होते.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना गं. तार हाय, परत बांधू. मोठी मानसं हायत ती."

"तार बांधू. पण तो हसला, त्याचं काय करू?"

पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "जखमी कोण हाय?"

"कोनी नाय."

"मग कशाला ताणता, बाई? मिटवून घ्या."

मी बाकावर बसून राहिले. शेवटी कंटाळून त्याने अदखलपात्र म्हणून नोंद केली आणि बजावलं, पुढचं काय ते कोर्टात. तलाठ्याच्या मागे लागून मी पिकाचा आणि कुंपणाचा पंचनामा करून घेतला. फोटो काढले, रस्त्यात गाडी अडवली तेव्हा मोबाईलवर काढलेला तिच्या नंबराचा फोटोही होताच.

कर्जतच्या कोर्टात एक तरुण वकीलबाई भेटल्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाल्या, "अपघात म्हणून दावा लावला तर भरपाई गाडीची विमा कंपनी देईल. दिवाणी दावा केला तर भरपाई मिळेल, शिवाय पुन्हा जागेत शिरू नये म्हणून मनाई मागता येईल. पण त्याने जाणूनबुजून केलं असं सांगणारा कुणी साक्षीदार असेल, तर फौजदारी फिर्यादही करता येते."

"यातल्या कशात त्याला स्वतःला यावं लागतं?"

त्या म्हणाल्या, "फौजदारीत. आरोपीने तारखेला हजर राहायचं. सूट मागता येते, पण ती दरवेळी मिळतेच असं नाही."

"मग तीच करा."

"वेळ लागेल, ताई."

"लागू दे. माजं घर इथंच हाय."

खांब पाडले त्या दिवशी शेजारची काकी बांधावर गवत कापत होती. तिने न्यायाधीशांसमोर न घाबरता सांगितलं, "ही वरडली. त्यानं बघितलं आनि मंग गाडी घातली." समन्स निघालं.

पहिल्या तारखेला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. पुकारा होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिला. सारखं घड्याळ बघत होता, फोनवर कुणाला तरी मीटिंग पुढे ढकलायला सांगत होता. मी समोरच्या बाकावर डबा उघडला आणि भाकरी-भाजी सावकाश खाल्ली. पुकारा झाला, पुढची तारीख पडली. घरी येताना मला जेवढा आनंद झाला तेवढा वाल भरभरून आला तरी झाला नसता. पुढे प्रत्येक तारखेला मी धुवट साडी नेसून, लग्नाला जावं तशी जायचे.

एका तारखेला तो आलाच नाही, अर्जही नाही. जामीनपात्र वॉरंट निघालं. त्याच्या बिल्डिंगच्या फाटकावर पोलीस आला असेल, वॉचमनने वर फोन केला असेल, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी बघितलं असेल, हे मी तांदूळ निवडता निवडता मनात पुन्हा पुन्हा बघायचे. पुढच्या तारखेला तो जामीन घ्यायला आला, तेव्हा माझ्याकडे त्याने मान वर करून बघितलं नाही.

मग त्याचा वकील माझ्याकडे आला. "ताई, आकडा सांगा, मिटवून टाकू."

"आकडा नको," मी म्हणाले. "रस्त्याच्या बाजूचं सगळं कुंपण त्यांनी नवीन घालून द्यायचं. काम होईस्तोवर स्वतः शेतात उभं राहायचं. पुन्हा गाडी आत घालणार नाय, असं कोर्टात लिहून द्यायचं. मंग मी फिर्याद मागं घेते."

मे महिन्यात तो आला. मजूर खड्डे खणत होते आणि तो उन्हात उभा होता, मान भाजून लाल झालेली. माझ्या नवऱ्याने त्याला पाण्याचा तांब्या आणि घरातून खुर्ची आणून दिली. पाणी मी पिऊ दिलं. खुर्ची उचलून परत घरात नेऊन ठेवली.

काम संपत आलं तेव्हा तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "चुकलं माझं."

"त्या कोपऱ्यातली तार ढिली हाय," मी म्हणाले. "ताणून घ्या."

नवरा त्या दिवशी माझ्याशी नीट बोलला नाही. त्याला वाटलं मी अती केलं. मला अजूनही तसं वाटत नाही.

फार्महाऊसमधली हिरवळ उकरून त्या माणसाने आता गाडी वळवायला आतच जागा केली आहे. तरी त्याची गाडी आली की मी हातातलं काम सोडून कुंपणापाशी जाते. नवरा म्हणतो, "आता कशाला गं?" फार्महाऊसचं फाटक लागेपर्यंत मी तिथेच उभी राहते.