आबांच्या उजव्या हाताला

आमचे आबा माझ्याशी फक्त हवेत बोलत. जमिनीवर सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत, आणि आबा रीत पाळणारे होते. तहान लागली की ते ओसरीवरच्या खांबाकडे बघून म्हणत, "कोनी पानी देई का?" मी नाकापर्यंत पदर ओढून पाण्याचा तांब्या खांबापाशी ठेवी. आमच्या घरात खांबाला फार मान होता. मग कधी आबा विमानात बसत, मी त्यांच्या उजव्या हाताला बसे, चाकं जमीन सोडत, आणि हाच माणूस इंजिनाच्या वरताण ओरडे, "बोल व माय! काय दखाई ऱ्हायनं?" म्हणजे, काय दिसतंय?

चोपन्न-पंचावन्न सालची ही गोष्ट. आबा लढाईच्या दिवसांत विमान चालवायला शिकले आणि पुढे जळगावात एका जिनिंगवाल्या शेठकडे लागले. शेठने मोडीत निघालेलं, कापडी पंखांचं एक छोटं विमान हौसेने घेतलं होतं. पुढे दोघं, मागे एक. काही लोक घोडी बाळगतात तसं शेठ विमान बाळगत. स्वतः त्यात एकदाही बसले नाहीत. रुईचे नमुने आणि कागदपत्रं मात्र आठवड्यातून दोनदा ऐटीत धुळ्याला जात आणि संध्याकाळी परत येत.

उडण्याआधी आबा वहाणा काढून सगळी धावपट्टी अनवाणी चालत. गावाबाहेरची ती काळी जमीन, कडेला कपाशी. कुठे भेग पडली, कुठे ओल राहिली हे त्यांना तळव्याला कळे. बांबूला बांधलेलं त्यांचंच जुनं धोतर हे वारा दाखवायचं यंत्र. "डोया फसाडतस, पाय नहीं," असं ते म्हणत. डोळ्यांवरचा त्यांचा हा अविश्वास कुठून आला होता, ते मला फार उशिरा कळलं.

कळलं ते तांब्यामुळे. उजव्या बाजूला ठेवलेला तांब्या आबांच्या हाताने एकाच आठवड्यात दोनदा लवंडला. घरात दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नाही. पदराखालून सुनेला माणसांची तोंडं दिसत नाहीत, हात तेवढे दिसतात. मी आक्कांना, माझ्या सासूबाईंना, हळूच विचारलं. त्या चुलीपुढे बसून रडल्या. आबांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू होता. तो डोळा गेल्यातच जमा होता आणि डावा किती दिवस टिकेल ते डॉक्टरही सांगत नव्हते. शेठला आबांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. कळलं असतं तर विमान गेलं असतं, आणि विमानावाचून आबा म्हणजे नुसता खांबाशी बोलणारा माणूस उरला असता.

तोड आक्कांनीच काढली. माझे यजमान भडगावला कचेरीत कारकून. आबांनी त्यांना एकदा शेजारी बसवून नेलं होतं, तर गिरणा ओलांडायच्या आतच त्यांनी ओकून रुईचे नमुने खराब केले. तेव्हा आक्का आबांना म्हणाल्या, "हाई पोरले लई जा. इन्हा डोया घारना शेतस, आनि तोंड बंद ऱ्हास." आबांनी खांबाकडे बघून मान हलवली. रावेरच्या केळीच्या बागेतून आलेली, सातवी पास झालेली मी, दुसऱ्या दिवशी पदर मफलरने करकचून बांधून विमानात चढले.

पहिल्या दिवशी गिरणेवर पोचलो तेव्हा आबा म्हणाले, "मन्हा उजवा डोया आते तू शे. डोयाले लाज नै ऱ्हास. जे दखाई, ते बोल." आणि मी बोलले. माहेर सोडल्यापासून इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. आबा, घार. आबा, धूर. आबा, एरंडोल आलं! ते हसत आणि पुन्हा विचारत, काय दखाई ऱ्हायनं. मला वाटतं, लग्नानंतर मला हे विचारणारा तो एकच माणूस होता.

नुसतं बघून भागणार नाही, हे आबांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी मला उजव्या जागेवरून विमान चालवायला शिकवलं. दोघांपुढे दोन दांडे होते, मी दांडा कुस्तीला आल्यासारखा धरला, तर म्हणाले, "जातानं खुंटं कसं धरतीस? तसं धर. जातं आपलं फिरस, आपुन संगे जावानं." मी जात्याच्या खुंट्यासारखा दांडा हलका धरला आणि त्या दिवसापासून विमान माझ्या हातात वळायला लागलं. इंजिन कमी-जास्त करायचा थ्रॉटल मात्र दोघांत एकच होता, आणि सुनेच्या हाताला सासऱ्याचा हात लागायचा नाही. मग आबा आपला उजवा हात थ्रॉटलवरून उचलून मांडीवर ठेवत आणि म्हणत, "आते तुन्हं." त्यानंतर मी माझा डावा हात तिथे नेई. पुढे पुढे शब्दांचीही गरज उरली नाही. हात मांडीवर गेला की विमान माझं. पाऊण वर्षात मी उतरवायलाही शिकले. बोरी, अंजनी, गिरणा अशा नद्या ओळीने मोजत मी धुळ्याहून घरी येई आणि आल्यावर भाकरी थापायला बसे. माझ्या नावावर लायसन नव्हतं, शेजारणींना तर मी आबांचा डबा घेऊन जाते असंच वाटे. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते.

एकदा नाना, म्हणजे आबांचे थोरले भाऊ, चोपड्याहून धुळ्याला लग्नाला आले होते. परत जाताना जळगावपर्यंत विमानाने येतो म्हणाले. थोरल्या भावाला नाही म्हणायची आबांची छाती नव्हती. नाना मागे बसले, आणि मी मफलर सोडून पदर नाकापर्यंत ओढला.

बोरी गेली. आबांनी विचारलं, "काय दखाई ऱ्हायनं?" मी गप्प. अंजनी गेली, तरी गप्प. नानांसमोर तोंड उघडायचं, तेही सासऱ्याशी, हे मला सुचूही शकत नव्हतं. आबा समजले असावेत. ते मान पार वळवून स्वतःच उजवीकडे बघायला लागले. पण उतरताना मान वळवता येत नाही. आम्ही वळसा घालून मावळतीकडे तोंड केलं आणि सूर्य आबांच्या एकुलत्या चांगल्या डोळ्यात आला. तेव्हा त्यांनी उजवा हात थ्रॉटलवरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

मी तो हात बघितला. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते आणि मी ते तिथेच ठेवले. मागे नाना होते ना. आबा क्षणभर थांबले आणि त्यांनी थ्रॉटल परत धरला. त्याच वेळी मला उजवीकडच्या कपाशीतून दावं तोडून आलेला बैल दिसला. दोन अक्षरांचा शब्द. तो माझ्या ओठांपर्यंत आला आणि पदरापाशी थांबला.

उजवं चाक बैलाला लागलं आणि विमान उलटलं. बैल गेला. आबांचा पाय दोन ठिकाणी मोडला. मला आणि नानांना खरचटलं तेवढंच. चौकशीला साहेब आले, त्यांना आबांनी सांगितलं, "मावळतीचा सूर्य डोळ्यात आला. चूक माझी." मला कोणी विचारलं नाही, सुनेला काय विचारायचं? मग डोळे तपासले गेले आणि सगळंच उघड झालं. लायसन गेलं, नोकरी गेली. आबांनी खाटेवरून पहिला निरोप पाठवला तो आपल्या शेतातला बैल त्या शेतकऱ्याच्या दारी बांधण्याचा. नाना मात्र जन्मभर सांगत राहिले, बाई शेजारी बसवली म्हणून विमान पडलं. ते खरं बोलत होते, पण त्यांना वाटत होतं त्या अर्थाने नव्हे.

लोक म्हणतात, डोळे जायचेच होते, विमान आज ना उद्या सुटलंच असतं. माझी समजूत कोणी घालू नये. आबांनी विमान माझ्या हातात दिलं होतं आणि मी घेतलं नाही.

सगळ्यात वाईट हे की आता आम्हांला बोलायला जागाच उरली नाही. चार वर्षं आबा ओसरीवर बसून होते आणि मी चार पावलांवर दाराआड. आबा, माझं चुकलं, एवढंच मला म्हणायचं होतं, पण ते म्हणायला हवेत जावं लागलं असतं. एकदा तांब्या ठेवून मी खांबापाशीच घुटमळले, बांगड्या वाजल्या असतील. डावा डोळाही तोवर गेला होता. आबा अंदाजाने खांबाकडे तोंड करून म्हणाले, "सूर्य व्हता डोयामा. बाकी काही नहीं." मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

शेवटच्या दिवशी दुपारी घर भरलं होतं. उशाशी नाना, भोवती भाऊबंद, पायाशी आक्का, मी दारात. दोन दिवस आबा बोलले नव्हते. एकाएकी त्यांनी तोंड उजवीकडे वळवलं आणि विचारलं, "काय दखाई ऱ्हायनं?"

"भरम व्हयना," नाना म्हणाले. आबांनी पुन्हा विचारलं. या वेळी आवाज घाबरलेला होता.

मी पदर मागे सारला, पुरुषांमधून वाट काढत गेले आणि आबांच्या उजव्या हाताला बसले. "आबा, बोरी गेली. अंजनी गेली. गिरणा आली." नाना ताडकन उठले, तशा आक्का, जन्मात कधी त्यांच्यासमोर न बोललेल्या आक्का, म्हणाल्या, "बोलू द्या तिले."

"बैल?" आबांनी विचारलं.

"नहीं, आबा," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले. "बैल नहीं. पट्टी मोकळी शे."

आबांनी श्वास सोडला. त्यांचा उजवा हात चादरीवरून हळूच उठला आणि मांडीवर जाऊन थांबला. मी तो हात पहिल्यांदाच धरला आणि विमान खाली आणलं.