वाईट वाटलं असेल ना?

माझ्या तोंडाला खळ नाही, हे माझ्या माहेरी, सासरी आणि आमच्या नेरूळच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. आमचा वॉचमन मला लांबून येताना पाहिलं की रिकामाच फोन कानाला लावतो. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर समाजशास्त्रात एम.ए. करायचं डोक्यात घेतलं, तेव्हा लोकांच्या मुलाखती घेणं हे आपल्या हातचं काम आहे, अशी माझी खात्रीच होती. अहो, बोलायचंच तर आहे!

विषयही माझा मीच निवडला. नवी मुंबई वसवताना इथल्या गावांच्या जमिनी गेल्या, त्याचं तिथल्या बायकांना किती दुःख झालं? दुःख झालं का, असं नाही हं. किती झालं. ते झालंच असणार, हे मी धरून चालले होते. आमच्या शेजारच्या शिरवणे गावातल्या बऱ्याच बायकांना भेटले, पण माझी सगळी भिस्त होती एका आजींवर. सत्तरी ओलांडलेल्या, ठणठणीत, भातशेतीत आणि मिठागरात अशा दोन्हीकडे राबलेल्या. प्रबंधाचं मुख्य प्रकरण त्यांच्यावरच उभं राहणार होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या सुनेनं चहा पुढे केला आणि विचारलं, "घरपट्टीचा सर्वे हाय का?" नाही म्हणून मी तिला संशोधन म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले. माझं संपलं तेव्हा चहावर जाड साय धरली होती. मग फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. काय सांगू, दृष्ट लागावी अशी मुलाखत झाली! "जमीन गेली तेव्हा फार वाईट वाटलं असेल ना?" मी विचारलं की आजी म्हणायच्या, "हाव, वाईट वाटला." "पोटच्या पोरासारखी असते ना जमीन?" "असतंच ना बाय." घरी येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

मुलाखत झाली की ती ऐकून शब्दन् शब्द लिहून काढायची असते. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोन मोठ्यानं लावला आणि लिहायला बसले. नवरा समोर मेथी निवडत होता. अर्धा तास त्यानं मुकाट्यानं ऐकलं, मग म्हणाला, "आजी चांगल्या आहेत गं. तुझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. ह्याला काय कळतंय संशोधनातलं! पण खारघरच्या कॉलेजात आमच्या गाइड आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, त्यांचंही तेच म्हणणं पडलं. माझी वाक्यं लाल पेनानं अधोरेखित करत गेल्या. पानं हळदीकुंकवाच्या ताटासारखी दिसायला लागली. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "छान. ही तुमची मुलाखत झाली. आता त्यांची घेऊन या. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. त्या बोलेपर्यंत गप्प." प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते आणि बाईंना हे सुचत होतं. चडफडत पुन्हा शिरवणं गाठलं.

आजी दाराशी बसून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होत्या. मी समोर बसले, फोन चालू केला आणि म्हटलं, "जमीन गेली तेव्हाचं सांगा." बस्स, पुढे तोंड बंद. आजी माझ्याकडे पाहतायत, मी आजींकडे. एक करंदी, दुसरी करंदी. जिभेला नुसती खाज सुटली होती. मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायला घेतला, तो तिसऱ्या पायरीवरच अडला.

"कला गं बाय, आज गप हायस? बरा नाय का?" आजींनीच विचारलं. त्यांच्या बोलीत 'कला' म्हणजे 'कशाला', एवढं एव्हाना मला कळायला लागलं होतं.

"बरी आहे. आमच्या बाईंनी बोलू नको म्हणून सांगितलंय."

आजी हसल्या, अशा हसल्या की मांडीवरची ताटली हलली. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आगो, म्हंजे आज मनाच बोलावा लागल."   आणि सोलता सोलता बोलायला लागल्या.

"तुज्या आंगोदर पन पोरी येऊन गेल्या. समद्या उन्हातानाच्या येतात, घामानं भिजलेल्या. समद्या इचारतात, वाईट वाटला ना? मी बोलते, हाव. तेवढ्यावर कशा खूश होऊन जातात! दारान आलेल्या पावन्याला नाय कसा बोलाचा?"

मला काळजी लागली. आजींची नाही हो, खोटं कशाला बोलू, प्रकरणाची.

"मना बरा वाटला," आजी म्हणाल्या. "मिठागरान उभी राहून पाय फुटायचं. त्या चिरांन मीठ जायचा. रातभर आग. तान्ही पोर बांधावर ठेवून लावनी केलीय मी. जमीन गेली बोलले, तवा पयला मनान काय आला, ठाव हाय? उद्यापासून चिखलान उतराचा नाय."

आतून सुनेच्या कुकरची शिट्टी झाली. मी तोंड उघडलं नाही, पण आता पाढा म्हणायची गरज पडत नव्हती.

"मालक ओटीवर बसून रडला. त्याच्या बापाची, आज्याची जमीन. लय रडला. मी पन त्याच्या बाजूला बसून रडले. पन माजा रडू येगला होता. सुटल्याचा होता."

त्यांचे मालक, म्हणजे आजोबा, जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "हे लिहू का, आजी?"

"तुज्या पुस्तकाचा नुसकान व्हईल?"

"होईल. सगळं परत लिहावं लागेल."

"मंग लिव," म्हणाल्या, आणि गालात हसल्या. मलाही हसू आलं. त्या क्षणी मला त्या फार आवडल्या. पंधरा दिवस, प्रकरण, सगळं गेलं खड्ड्यात, असंच वाटलं.

उठता उठता मी विचारलं, "आजोबांना कधी सांगितलंत हे?"

आजींनी हातातली करंदी तशीच धरली.

"त्यानी एकदा जरी इचारला असता ना, तू कला रडतंस, तर सांगितला असता. नाय इचारला. त्याला वाटला, त्याला ठाव हाय."