रावांच्या तोंडासमोर

रावांच्या तोंडात माझा आरसा होता आणि मी अमेयशी मराठीत बोलत होते.

"इतकी वर्षं काय झोपले होते हे? हाड पार झिजून गेलंय."

"आता नवरदेव व्हायचं असेल आजोबांना," अमेय म्हणाला. मी मास्कच्या आड हसले.

मी मूळची कोल्हापूरची, चेन्नईत दातांची डॉक्टर. अमेय माझा ज्युनिअर, नाशिकचा. दिवसभर पेशंटशी मोडकंतोडकं तमिळ बोलून वैताग यायचा. मग आम्ही त्यांच्या डोक्यावरून मराठीत गप्पा हाणायचो. इथं कोणाला कळतंय, या भरवशावर. फाइलवर टी. आर. राव हे नाव आणि चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीचा पत्ता, एवढंच होतं. राव म्हणजे तेलुगू, हे मी ठरवूनच टाकलं होतं. ते माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलले होते, तोंडावर हात धरून.

त्यांचा वरचा, अगदी समोरचा दात पडून बरीच वर्षं झाली होती. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते हळूहळू आक्रसतं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो हाडात बसवायचा, हाडानं त्याला घट्ट धरलं की वर कॅप चढवायची. रावांच्या स्कॅनमध्ये हाड इतकं पातळ दिसत होतं की स्क्रूला धरायला जागाच नव्हती. आधी ग्राफ्ट करावं लागणार होतं, म्हणजे हाडाची पूड भरायची आणि तिथं नवं हाड तयार होईपर्यंत थांबायचं. हे मी त्यांना इंग्लिशमध्ये, गोड आवाजात समजावलं.

रावांनी चूळ भरली, रुमालानं तोंड पुसलं.

"डॉक्टरम्मा, आम्ही तंजावरचे. घरीं मराठीच बोलतों. तुम्ही बोललां तें अस्कं कळलें मज."

अस्कं म्हणजे सगळं. तंजावरहून आलेली मराठी घरं चेन्नईत आहेत, त्यांची बोली जुन्या वळणाची आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. कानाच्या पाळ्या तापल्या. अमेय ट्रेमधली उपकरणं उगाचच लावत बसला.

"सॉरी सर," मी पुटपुटले.

"झोपलों नव्हतों मी. बायको अंथरुणावर होती. तिला सोडून दातासाठीं कुठें जाऊं? मग ती गेली. त्यानंतर यायची लाज वाटली. इतके दिवस कां आला नाहीं, म्हणून डॉक्टर विचारेल. त्या भयानें आणखी वर्षें गेलीं."

ग्राफ्टचं बघू, म्हणाले आणि तोंडावर हात ठेवून निघून गेले. पुढच्या अपॉइंटमेंटला आले नाहीत. फोनही उचलला नाही. बायकोच्या आजारपणानंतर मोठ्या मुश्किलीनं धीर करून आलेल्या माणसाला मी परत पाठवलं होतं. मला माझीच किळस आली.

रविवारी मी तिरुवल्लिकेणीला त्यांच्या घरी गेले. रावांनी दार उघडलं, हात तोंडावर होताच. बसायला सांगितलं, कॉफी दिली.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "माझ्याकडे येऊ नका हवं तर. दुसऱ्या चांगल्या डॉक्टरांचं नाव देते. पण उपचार सोडू नका."

रावांनी आपला कॉफीचा पेला बाजूला ठेवला.

"दुसऱ्याकडे गेलों तर पुन्हां पहिल्यापासून लाजावें लागेल," मग ते म्हणाले. "तुमच्याकडे तें होऊन गेलें."

ते आले. ग्राफ्ट झालं, काही महिने थांबलो, स्क्रू बसवला, पुन्हा थांबलो. हाडानं स्क्रू धरला. कॅप बसली त्या दिवशी मी आरसा दिला. राव हसले, सवयीनं हात वर आला आणि अर्ध्यावरून खाली गेला. मला त्यांच्याकडे बघवेना.

ते गेल्यावर अमेय म्हणाला, "मॅडम, फॉर्मवर मातृभाषेचा रकाना घालू या का? म्हणजे पुन्हा असं व्हायला नको."

"म्हणजे ज्याला कळणार नाही त्याच्याबद्दल बोलायला आपण मोकळे, असंच ना?"

रकाना घातला नाही. आता मराठी आम्ही जेवणाच्या सुट्टीत बोलतो.