न उतरवलेला ठिपका

मोजणी खात्यात जन्म काढलेल्या माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांना मलम तरी आहे. किस्से मात्र चहाला चार माणसं जमली की आपोआप बाहेर पडतात आणि आतून बायकोचा आवाज येतो, "झालं यांचं सुरू!"

आमचं ऑफिस लातूर-नांदेडच्या पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, पेन्शन सुरळीत चालू आहे. तिथे एका लांबट खोलीत निजामाच्या काळापासूनचे नकाशे होते. गावं, ओढे, टेकड्या, विहिरी, रानातलं एकटं झाडसुद्धा त्यांवर दाखवलेलं. हे मूळ नकाशे बाहेर द्यायचे नसत. लागेल त्याला हाताने नक्कल काढून द्यायची, आणि ते काम रशीदभाईंचं. रशीदभाई गावातल्या जुन्या घरातले, वडील रंगारी. त्यांची रेघ म्हणजे रेघ! त्यांचा एकच नियम होता. नकाशात पुढे काही दुरुस्ती केली, की तिथेच खाली दुरुस्त करणाऱ्याने सही करायची आणि तारीख घालायची.

"चूक कुणाची बी असू द्या सुभाषराव," ते मला म्हणाले होते, "दुरुस्त करणाऱ्यानं नाव लपवू न्हाई."

*

मी नोकरीला लागलो तेव्हा किल्लारीचा भूकंप होऊन थोडेच दिवस झाले होते. सगळं ऑफिस एक डोळा छताकडे ठेवून काम करायचं. साहेबांनी ऑर्डर काढली की जमीन हलली तर प्रत्येकाने नेमून दिलेल्या तालुक्याचे नकाशे उचलून बाहेर पळायचं. माझ्याकडे अहमदपूर, रशीदभाईंकडे हदगाव.

एके दुपारी टेबलं थरथरली. सगळे नकाशांच्या गुंडाळ्या काखेत मारून मैदानात! पाच मिनिटांनी कळलं, मागच्या रस्त्याने खडीचा ट्रक गेला. तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष साहेबांकडे गेलं. साहेबांच्या हातात जेवणाचा डबा होता.

रशीदभाईंनी अदबीने विचारलं, "साहेब, यात कोणचा तालुका हाय?"

सगळे हसलो. पण त्या दिवशी एका शिपायाशिवाय पुन्हा आत कुणी गेलं नाही. हजेरीपुस्तक मैदानात मागवून सह्या केल्या.

*

भूकंपात पडलेल्या एका गावचे म्हातारे गृहस्थ आले. त्यांचं गाव सरकारने नवीन जागी वसवलं होतं. म्हणाले, "माझं जुनं घर कुठं व्हतं, तेवढं दावा."

मी नकाशा पसरला. त्यावर सगळं गावच करंगळीच्या नखाएवढं. बाबांनी बोट टेकवलं तर गाव बोटाखाली झाकलं गेलं. रशीदभाईंनी भिंग दिलं. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"आन् नवं गाव?"

"ते अजून यात आलं नाही बाबा. नकाशा जुना आहे."

"म्हंजे सरकारच्या कागदावर आमी आजून तिथंच ऱ्हाऊन राहिलो?"

तेव्हापासून नकाशात एक आणि जमिनीवर दुसरं, असं दिसलं की मी दोनदा मोजून बघतो. ती खोड अजून गेलेली नाही.

*

हदगावकडच्या एका शेतकऱ्यावर त्याच्या शेजाऱ्याने अर्ज टाकला. नकाशात बांधावर मोठं झाड आहे, जागेवर नाही, म्हणजे यानेच तोडलं! पुरावा म्हणून आमच्याच ऑफिसची जुनी नक्कल जोडलेली. शेतकरी रडकुंडीला आला. "तोडलं म्हून कबूल करतो साहेब, पन बुडखा तरी दावा!"

रशीदभाईंनी मूळ नकाशा काढला. भिंग लावलं. मग कापसाचा बोळा जरासा ओला करून झाडावर हलकेच फिरवला. झाड बोळ्याला चिकटून वर आलं. माशीने केलेली घाण होती ती! कुण्या जुन्या नक्कल काढणाऱ्याने तिचं झाड केलं, आणि पुढच्या प्रत्येकाने ते इमानेइतबारे उतरवलं.

"घ्या, पाडलं झाड," रशीदभाई म्हणाले.

शेतकऱ्याचं तोंड आणखीच उतरलं. "आता वो? म्या भिऊन तिथं लिंब लावला की! हातभर झाला!"

यावर साहेबांनी लेखी ऑर्डर काढली, संशय येईल तो ठिपका नकलेत उतरवू नये. रशीदभाईंनी ती फारच मनावर घेतली. नक्कल काढताना भिंगातून बघत पुटपुटायचे, "माशी... माशी... विहीर... माशी." आम्ही मागे बसून हसायचो. मीसुद्धा. नंतर ते रिटायर झाले आणि त्यांच्या पुटपुटण्याची नक्कलसुद्धा ऑफिसच्या करमणुकीत जमा झाली.

*

मग लातुरात क्लासेसचं वारं आलं आणि माझी मुलगी अस्मिता त्यात शिरली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. आम्ही दोघं होस्टेल शोधत फिरलो. बाकीचे बाप मेसमध्ये भात कसा असतो ते विचारायचे. मी भिंतीवर टकटक करून बघायचो.

एक मालक मोठ्या कौतुकाने म्हणाले, "सर, वरच्या मजल्यावरची पोरगी बोर्डात आलीय!"

मी विचारलं, "खालच्या मजल्याच्या खाली काय आहे?"

अस्मिताने मला दंडाला धरून बाहेर काढलं. "पप्पा, तुम्ही आईला पाठवा बरं पुढच्या वेळी." पुढच्या वेळी आईच गेली, आणि एका तासात होस्टेल ठरलंसुद्धा. तळमजल्यावर चार पलंगांची खोली. मी फी भरून टाकली. माझ्या भीतीपायी पोरीचं वर्ष वाया जायला नको.

*

पुढे फोनवर अस्मिता एकदा हसत हसत म्हणाली, "पप्पा, आमच्या खोलीत लई गंमत आहे. कुणाचंही पेन खाली पडू दे, शोधावं लागत नाही! सगळी पेनं गडगडत कपाटाच्या कोपऱ्यात जातात."

"पहिल्यापासून?"

"आधी नव्हती जात. दिवाळीपासून जातात."

ती हसत होती, इकडे मी दिवाळीपासूनचे महिने मोजत होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या भागाचा मोठ्या मापाचा जुना नकाशा काढला. होस्टेल ज्या जागेवर उभं, तिथे एक मळकट ठिपका होता. मग आमच्या दप्तरातली नक्कल काढली, जिच्यावरून पुढे त्या जागेचे प्लॉट पडले. नकलेत ठिपका नव्हता. खाली सही होती, रशीदभाईंची.

कुणालाही न विचारता मूळ नकाशा पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेलो. नियम मोडला, कबूल करतो. रशीदभाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. त्यांनी भिंग लावलं, कापूस ओला केला, ठिपक्यावरून फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कापूस स्वच्छ राहिला. उलट वरची धूळ निघून खालचा विहिरीचा निळा रंग उजळला.

"ही माशी न्हाई," ते म्हणाले. "सुभाषराव, बेटीच्या खोलीत आणखी किती पोरी हायत?"

"तीन."

"चला. मी येतो."

*

आम्ही एसटीने लातूर गाठलं. नकाशातला एक जुना दगडी चौथरा होस्टेलच्या गल्लीत अजून जागेवर होता. तिथून ठिपक्यापर्यंतचं अंतर टेपने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा माप अस्मिताच्या खोलीत, कपाटाच्या कोपऱ्यापाशी संपलं. फरशीवर चार पेनं पडलेली होती.

"मुलींना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा," मी मालकांना म्हणालो. "खाली बुजवलेली विहीर आहे."

मालक भडकले. "परीक्षा तोंडावर आली आन् तुम्ही पोरींना भिववून राहिले? कोणची विहीर?" आत जाऊन त्यांनी फाईल आणली आणि आमच्या ऑफिसची नक्कल माझ्या तोंडासमोर धरली. "ही सरकारी नक्कल हाय! दावा यात विहीर! खाली सही बी हाय, बघा!"

"ती सही माझी हाय," रशीदभाई म्हणाले.

मालकांनी नक्कल खाली घेतली. दारात होस्टेलच्या सगळ्या पोरी जमल्या होत्या. रशीदभाई त्यांच्याकडे वळले. "बेटा, पलंग बाहेर घ्या. पुस्तकं मागून." अस्मिताने पहिला पलंग धरला. बाकीच्या तिघी धावल्या. फरशीवर लोखंड खरखरत चारही पलंग व्हरांड्यात गेले.

रिकाम्या खोलीत रशीदभाई एकटेच कोपऱ्यापर्यंत गेले. मी "नका जाऊ" म्हणेपर्यंत ते गुडघ्यांवर बसलेसुद्धा. खिशातून निळा खडू काढला आणि फरशीवर मोठा गोल काढला. हात जराही हलला नाही. मग गोलाच्या खाली सही केली, तारीख घातली.

"अहो चाचा, हे काय करून राहिले?" मालक दारातूनच ओरडले. "उद्या पोरींचे मायबाप येतील! पुसा ते आधी!"

रशीदभाई भिंतीला धरून उठले. दारापाशी आले, दुसऱ्या खिशातून कापसाचा ओला बोळा काढला आणि मालकांच्या हातात ठेवला.

"तिथं जाऊन पुसून बघा," ते म्हणाले.