सरड्यांचे घरतकाका

महादेव घरत गव्हाणचे. मिठागरातलं काम सुटल्यावर १९८७ साली त्यांना पनवेलच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपायाची नोकरी लागली. तिथल्या चारुता लेले बाई पीएच.डी.साठी सरड्यांचा अभ्यास करत होत्या. सरडे पकडायचं काम काकांकडे आलं आणि त्यात त्यांचा जीव रमला. काठीला दोऱ्याचा फास बांधून ते सरडा इतका अलगद उचलत की त्याला ओरखडाही येत नसे.

पावसाळ्याच्या तोंडावर काही नरांचे गळे लालभडक होत, काही फिकेच राहत. लाल नर कॉलेजमागच्या कुंपणावर दिवसभर माना हलवत एकमेकांच्या अंगावर जात. तेवढ्यात एखादा फिका गुपचूप मादी गाठी. काका हे बाईंना सांगत, बाई लिहून घेत.

१९९१च्या जूनमध्ये एका मादीने अंडी घातली. मे महिन्यात पकडल्यापासून ती जाळीच्या पेटीत एकटीच होती. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा घातली आणि त्यांतूनही पिल्लं निघाली. पहिली अंडी पकडण्याआधीच्या मीलनाची म्हणता आली असती, पण दुसऱ्या खेपेमुळे बाईंना वाटलं, काकांनी चुकून पेटीत नर सोडला. तसं त्या सगळ्यांसमोर बोलल्या.

"नाय बाई," काका एवढंच म्हणाले. "मी नर सोडला नाय."



पुढच्या मोसमात त्यांनी आपणहून तीन माद्या आणल्या, एकेकीला वेगळ्या पेटीत ठेवून कुलपं लावली आणि किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या. जूनमध्ये तिघींनी अंडी घातली. ऑगस्टमध्ये दोघींनी पुन्हा घातली, त्यांतूनही पिल्लं आली.

बाईंनी मुंबईला जाऊन जुने शोधनिबंध चाळले. काही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या माद्या नराचं वीर्य अंगात साठवून ठेवतात आणि पुढच्या खेपेच्या अंड्यांनाही ते पुरतं, असं त्यांत होतं. रविवारी त्या एसटीने गव्हाणला गेल्या आणि काकांच्या ओटीवर बसून त्यांची माफी मागितली. काका संकोचून गेले. काकांची बायको शकू चहा घेऊन आली, तेव्हा कुठे ते सावरले. त्यांच्या मनात वेगळाच प्रश्न होता.

"बाई, त्या तिघींतली एक पकडायच्या आदी लाल्याबरोबर पन होती, फिक्याबरोबर पन. मी बगितलंय. मंग पिल्लं कोनाची?"

"ते मलाही सांगता येत नाही, काका."

"म्हंजे अजून सरडं पकडायचं," शकू म्हणाली, आणि तिघंही हसली.

बाईंचा प्रबंध १९९६ साली पूर्ण झाला. कुलूपबंद पेट्यांची कल्पना महादेव घरत यांची, असं त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलं.